तिन्हीसांजेचा डोंगर

दिल्ली छावणीतल्या फॅमिली क्वार्टरांमध्ये ममता शेवाळे हुशार म्हणून ओळखली जायची, आणि उगाच नाही. कुणाचं आधार कार्ड बँकेला जोडलं जात नाहीये, कुणाच्या पोराचा शाळेचा ऑनलाइन अर्ज अडलाय, की बायका म्हणायच्या, चला ममताकडे. खटाव तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. बी.कॉम. झाली, राजवर्धनशी लग्न झालं आणि त्या हवालदाराच्या बदल्यांमागे छावण्या हिंडली. नव्या गावात इतर बायका पडद्याचं कापड कुठे मिळतं ते विचारायच्या, ही कॉम्प्युटरचा क्लास कुठे आहे ते विचारायची. असं करत करत मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तिला रिपोर्ट काढायची नोकरी लागली. हुशार माणसाचं एक असतं बघा, लोक त्याचं पटकन ऐकतात, आणि तोही स्वतःचं पटकन ऐकतो.

राजवर्धनची बदली वर बर्फात झाली तेव्हा क्वार्टरमध्ये तिघी उरल्या. ममता, पाच वर्षांची पूर्वी आणि सासू तानूबाई. सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडची रीत. तानूबाईंना हिंदी येत नव्हती आणि पूर्वीला मराठी अर्धीमुर्धीच यायची, तरी आजी-नातीचं एवढं गूळपीठ की ममताला कधीकधी हेवा वाटायचा. दुपारी पोर शाळेतून आली की ममता गरम भाकरी थापायची, दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकायची आणि हायवेवर कंपनीची बस पकडायची. ती परत येईपर्यंत दोघी झोपलेल्या असायच्या. मधला सगळा वेळ पोर तानूबाईंच्या हवाली असे, आणि त्या भरवशावरच ममताची नोकरी उभी होती.

तिन्हीसांज झाली की तानूबाई दिवा लावायच्या आणि दार सताड उघडायच्या. लक्ष्मी यायच्या वेळेला दार लोटलेलं नको. मग गावाहून पिशवीत घालून आणलेला गोवरीचा तुकडा धुपाटण्यात पेटवायचा, त्यावर ऊद टाकायचा आणि तो धूर नातीच्या भोवती फिरवायचा. "इडा पिडा टळू दे, माझ्या बाळाची छाती मोकळी ऱ्हाऊ दे," असं पुटपुटत त्या घरभर फिरायच्या. नवरा गेल्यापासून आणि शेत धाकट्याच्या नावावर झाल्यापासून म्हातारीच्या हातात स्वतःचं असं एवढंच काम उरलं होतं.

पण छाती काही मोकळी राहीना. दिवाळी सरली, दिल्लीचं आभाळ राखेच्या रंगाचं झालं आणि पूर्वीच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. खेळता खेळता पोर मध्येच बसायची आणि खांदे वर करून श्वास ओढायची. लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, "घरातला धूर, धूळ, दोन्ही बघा. ही थंडी अशीच गेली तर मुलीला गावी पाठवा. दिल्ली तिला मानवत नाही." पोर गावी म्हणजे पोर आपल्याविना. नवरा तिकडे, लेक तिकडे, आणि आपण इथे लॅपटॉप घेऊन बसायचं?

तिनं कंबर कसली. सगळ्या खिडक्यांच्या फटींना तपकिरी टेप लावली. स्वयंपाकघरात पंख्याचं जे भोक होतं, त्यावर पुठ्ठा ठोकला, कारण तिथून बाहेरची हवा आत यायची. उंबऱ्याला ओला टॉवेल. "आत्या, आता एक कण आत येणार नाही," ती म्हणाली. तानूबाई म्हणाल्या, "कण न्हाई, तशी हवा बी न्हाई गं," पण म्हातारीचं बोलणं कोण मनावर घेतो!

कंपनीत अनुराग नावाचा लखनौचा एक इंजिनियर तिच्या शेजारी बसायचा. त्याला अशा गोष्टींचा भारी नाद. त्यानं तिला हवा मोजणारा एक छोटा डबा बनवून दिला. "दीदी, इसको बस प्लग में लगा दो," तो म्हणाला. डबा दर मिनिटाला हवेतल्या बारीक धुराचा आकडा मोजायचा आणि वायफायवरून डेटाबेसमध्ये पाठवायचा, वेळेसकट. नुसते आकडे बघून कुणाला काय कळणार? हजारो ओळी, एकीखाली एक. पण ऑफिसात ममता जो प्रोग्राम वापरायची त्यात एक ओळसुद्धा लिहावी लागत नसे. डाव्या हाताला तक्ते दिसायचे, तक्ता उघडला की त्यातले रकाने. धुराचा रकाना माउसनं उचलून उभ्या बाजूला सोडायचा, वेळेचा आडव्या बाजूला, की आकड्यांचं चित्र तयार. तोच प्रोग्राम तिनं घरच्या लॅपटॉपवर टाकला. डेटाबेसला जोडताना एक छोटी चौकट वर आली आणि तिनं काहीतरी विचारलं. वेळेबद्दल होतं काहीतरी. ममतानं ओके दाबलं. आपण सगळेच दाबतो.

दोन आठवड्यांचे आकडे जमल्यावर रजेच्या दिवशी ती बसली. दिवसाच्या प्रत्येक तासाची सरासरी काढली आणि पडद्यावर निळी रेघ उमटली. रेघ सकाळभर आडवी पडून होती, दुपारी जरा उचलली आणि बरोबर तिन्हीसांजेला तिचा डोंगर झाला. उभा कडा! मध्यरात्रीच्या सुमाराला आणखी एक छोटं टेकाड होतं. ते ट्रकांचं, रात्रीचे ट्रक शहरात सोडतात त्याचं, असं तिनं मनाशी ठरवलं. पण संध्याकाळचा डोंगर कुणाचा, हे ठरवायला तिला क्षणही लागला नाही.

"आत्या, उद्यापासून धुरी बंद," तिनं सांगितलं. "आणि संध्याकाळी दारही उघडायचं नाही. हे बघा, तुमच्या धुरीनंच पोरीचा जीव घुसमटतोय."

तानूबाईंनी पडद्याकडे बघितलं. त्यांना त्या निळ्या रेघेत काही दिसलं नाही, पण सुनेच्या डोळ्यांत दिसलं. "माझ्या धुरीनं व्हय?" त्या एवढंच म्हणाल्या आणि उठून धुपाटणं घासून पुसून माळ्यावर ठेवून आल्या.

इथंच हे संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण पोरीची शिट्टी वाढतच गेली. आठवड्याभरानं ममतानं पुन्हा चित्र काढलं, फक्त त्या आठवड्याचं. मध्यरात्रीचं टेकाड पार नाहीसं झालं होतं. ट्रक कमी झाले असतील, चला, बरं झालं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. संध्याकाळचा डोंगर मात्र तसाच होता, उलट जरा वरच चढला होता.

तिचं डोकं सणकलं. म्हणजे आपण बसमध्ये बसलो की इकडे म्हातारी माळ्यावरून धुपाटणं काढते! तिनं पूर्वीला मांडीवर घेतलं आणि हळूच विचारलं, "आजी धूर करते का गं संध्याकाळी?"

"हां, करती है," पूर्वी म्हणाली. "ऐसे गोल गोल."

पाच वर्षांच्या पोराला 'करते' आणि 'करायची' यातला फरक कुणी विचारावा? आणि रविवारचे आकडे नुसते वेगळे काढून बघितले असते तरी पुरे होतं. रविवारी संध्याकाळी ममता स्वतः घरात असायची, धुरी लागत नाही हे डोळ्यांनी बघायची, आणि डोंगर त्या दिवशीही होताच. पण राग आला की माणसाला हवं तेच दिसतं, मग समोर कितीही चांगला प्रोग्राम असू दे.

"आत्या, खरं सांगा. लपून करता ना तुम्ही?"

"द्येवाशप्पत न्हाई."

"मग हे काय आहे? यंत्र खोटं बोलत नाही, आत्या. त्याला तुमचा माझा कुणाचा राग नाही. आणि पोरगीही सांगतेय."

तानूबाईंनी नातीकडे बघितलं. पोर आपल्या खेळात होती. "राजूची आन घिऊन सांगते," त्या शेवटी म्हणाल्या आणि सीमेवरच्या लेकाची शपथ घेतली म्हणून स्वतःच दचकून कान धरले. ममता म्हणाली, "शपथा नकोत मला. पोरीला काही झालं तर मी तुम्हाला माफ करणार नाही." हे वाक्य तिच्या तोंडून गेलं. गेलं ते गेलं.

त्यानंतर तानूबाई घरात पाहुण्यासारख्या वावरायला लागल्या. आधीच थोडं विसरायला व्हायचं त्यांना. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायच्या, गोळी घेतली का हे दोनदा विचारायच्या. आता त्या चहा घेतल्यावरही विचारायच्या, "म्या च्या घेतला का गं?" एकदा ममता पहाटे उठली तर म्हातारी स्टुलावर चढून माळा चाचपत होती. "धुपाटनं गार हाय," त्या ओशाळून म्हणाल्या. "म्हनलं बघावं, ऱ्हातं का वापरात." ममता झोपेत होती, चिडलेली होती. तिनं फक्त "उतरा खाली, पडाल," एवढं म्हटलं.

मग त्यांनी स्वतःच राजवर्धनला फोन लावायला सांगितला. तिकडे रेंज यायची-जायची. "राजू," त्या म्हणाल्या, "मला गावाला धाड बाबा. म्या पोरीला धूर देतीया आन् मला त्ये आठवत न्हाई. माझं डोस्कं गेलं."

"आई, असं काय बोलतेस," एवढं राजवर्धन तीन-तीनदा म्हणाला आणि लाइन तुटली. ममतानं ते सगळं उभ्यानं ऐकलं. तिला वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटलं. कबूल तर केलं एकदाचं, असं तिच्या मनात आलं.

त्याच आठवड्यात पूर्वीला जोराचा झटका आला. ओठ निळे पडले. शेजारच्या सुभेदारसाहेबांनी गाडी काढली, पोरीला रुग्णालयात नेलं, तोंडावर वाफेचा मास्क लागला, हातात सुई गेली. तानूबाई घरीच राहिल्या. "म्या नगं यायला," त्या दाराशी म्हणाल्या, "माझ्या हातानं आजून काय हुईल."

दुसऱ्या दिवशी पोर जरा निवांत झोपली होती. वॉर्डच्या खिडकीतून कोवळं ऊन कॉटवर आलं होतं, चहावाला सकाळची फेरी नुकतीच संपवून गेला होता. ममतानं लॅपटॉप उघडला. कशासाठी, तर काल संध्याकाळी घरात डोंगर किती चढला ते बघायला आणि तेच चित्र राजवर्धनला पाठवायला. तोही एकदा बघू दे आपल्या आईचं. सरासरी न काढता तिनं या वेळी पहिल्यांदाच फक्त 'काल' आणि 'आज' निवडलं.

रेघ उमटली. रेघ आजची सकाळ ओलांडून, बारा ओलांडून, दुपारी साडेचारपर्यंत जाऊन थांबली होती. बाहेर अजून अकरासुद्धा पुरते वाजले नव्हते. जी दुपार अजून झालीच नाही, तिचे आकडे यंत्रापाशी आधीच होते.

तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं, मोबाइल बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. साडेपाच तास! डबा आपल्या भारतीय वेळेचीच नोंद करत होता. प्रोग्रामला ती लंडनकडची वेळ वाटली आणि त्यानं भलेपणानं साडेपाच तास मिळवून ती भारतीय करून दाखवली. जोडताना त्या चौकटीनं हेच विचारलं होतं. तिनं ओके दाबलं होतं.

तिनं वेळ दुरुस्त केली. सगळी रेघ डावीकडे सरकली. मध्यरात्रीचं ते छोटं टेकाड तिन्हीसांजेला येऊन बसलं. हीच ती धुरी. दार सताड उघडं असायचं म्हणून एवढीशी, आणि ज्या दिवशी ममतानं मनाई केली त्याच दिवसापासून साफ पुसलेली. म्हातारीनं एक दिवस, एक दिवससुद्धा शब्द मोडला नव्हता. हे पडद्यावर पहिल्यापासून होतं.

आणि तो मोठा डोंगर? तो सरकून भर दुपारी एकला गेला. दुपारी एकला घरात कोण काय करतं, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. टेप लावलेल्या खिडक्या, पुठ्ठा ठोकलेलं पंख्याचं भोक, उंबऱ्याला ओला टॉवेल, आणि आत ती. तव्यावर मिरच्या भाजतेय, भाकरी थेट जाळावर फुगवतेय, दोन वेळच्या फोडण्या घालतेय. शाळेतून आलेली पूर्वी ओट्याशेजारी फतकल मारून बसलेली, आईला वर्गातल्या गोष्टी सांगत. पोरीला आईजवळ बसायचा तेवढाच वेळ मिळायचा. आधी निदान संध्याकाळी दार उघडायचं आणि साचलेलं बाहेर जायचं. ते दारही तिनंच बंद करवलं होतं.

ममतानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि रडली. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, "अरे दीदी, बच्ची तो ठीक है अब, क्यों रोती हो?"

पूर्वी घरी आली ती खिडक्या उघडलेल्या घरात. ममतानं आदल्या दिवशीच येऊन टेप ओरबाडून काढली होती, पुठ्ठा उपटून नवा पंखा बसवला होता. पोर आता दुपारी बाहेरच्या खोलीत बसून गोष्टी सांगते आणि ममता आतून हुंकार देते. शिट्टी पूर्ण गेली नाही, दिल्लीची हवा ती दिल्लीचीच, पण झटका परत आला नाही आणि डॉक्टरीणबाईंनी गावी पाठवायचं नाव काढलं नाही. इथवर सगळं चांगलं झालं.

राहिल्या तानूबाई. त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. गावाकडं निघालेल्या एका जवानाच्या कुटुंबाबरोबर त्या जाणार होत्या.

ममता त्यांच्या पायाशी बसली. "आत्या, चुकलं माझं. तुम्ही धुरी लावलीच नव्हती. यंत्राची वेळ चुकली होती. घरातलं घड्याळ साडेपाच तास पुढे असावं ना, तसं. धूर माझ्या स्वयंपाकाचा होता. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

तानूबाई ऐकत होत्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "आसू दे. लेकराच्या काळजीनं बोललीस." मग त्यांनी आपले तळहात उलटून बघितले. "पर ममता, मला आता आठवतंय गं. काडी वडल्याली आठवती. ऊद टाकल्याला, त्येचा वास... तू बशीनं गेलीस आन् म्या माळ्यावरनं काढलं. समदं आठवतंय."

"नाही, आत्या! तसं झालंच नाही. ते आधीचं आठवतंय तुम्हाला, मी मनाई केली त्याच्या आधीचं. थांबा, दाखवते." तिनं धावत जाऊन लॅपटॉप आणला, रेघ काढली, बोट ठेवून दाखवलं. "ही तिन्हीसांज. बघा, सपाट आहे. ह्या तारखेपासून रोज सपाट. तुम्ही एकदाही लावली नाही, इथं स्पष्ट दिसतंय."

तानूबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. त्या रेघेकडे त्यांनी नीट, मन लावून बघितलं, शाळेतल्या मुलीनं फळ्याकडे बघावं तसं. मग सुनेकडे वळून विचारलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, म्हातारीला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्या लावती म्हून सांगनारं बी ह्येच यंत्र हुतं न्हवं?"

ममतानं लॅपटॉप मिटला.

तानूबाई राहिल्या. पूर्वीनं पिशवीवर बसकण मारली आणि उठेना, म्हणून राहिल्या. अजून त्याच घरात आहेत. संध्याकाळी दार उघडतात, पण दिव्याला हात लावत नाहीत. रविवारी ममता काडेपेटी त्यांच्या हातात देते, म्हणते, "आत्या, लावा ना, मी इथंच उभी आहे." त्या काडेपेटी घेतात, दोन्ही बाजूंनी बघतात आणि परत सुनेच्या हातात ठेवतात.

"तूच लाव पोरी," त्या म्हणतात. "माझा भरवसा न्हाई."